घरांतील विजेचा हिशेब

महिनाअखेर विजेचें बिल हातीं आलें कीं पुष्कळ घरांत एक लहानसा खटला उभा राहतो. रात्रीं उशिरांपर्यंत वाचणाऱ्या मुलाला दिव्याबद्दल बोल लागतो. दुपारीं पंख्याखालीं विसावणाऱ्या आजीबाईंना पंख्याबद्दल. आरोप होतो, शिक्षाहि होते. पुरावा मात्र कोणापाशींच नसतो. कारण बिलावर असते ती साऱ्या महिन्याची एक बेरीज. ती कोणकोणत्या रकमांची झाली, हें मीटर सांगत नाहीं.

हा पुरावा पुरविणारें एक छोटें यंत्र आतां मिळतें. त्याला एनर्जी मॉनिटर म्हणतात. त्याचा चिमटा घरांत येणाऱ्या मुख्य तारेभोंवतीं बसवितात. तारेंतील प्रवाहामुळें तिच्याभोंवतीं जें बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें, त्यावरून प्रवाह मोजला जातो आणि त्या क्षणीं किती वॉट खर्च होत आहेत हें पडद्यावर दिसतें. एकेक बटण दाबावें आणि आंकडा किती चढला तें पाहावें, इतकी ही परीक्षा सोपी आहे. मात्र चिमटा बसविण्याचें काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें.

हजार वॉट तासभर वापरले म्हणजे एक युनिट होतें. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज चार तास लावला तरी महिन्याला जेमतेम एक युनिट भरतें. २००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला कीं तेवढेंच युनिट एका सकाळींच संपतें. उलट ७५ वॉटचा जुन्या धाटणीचा पंखा दिवसांत सोळा तास फिरला तर १.२ युनिट, म्हणजे त्या गीझरहूनहि अधिक वीज घेतो! त्याच्या जागीं ३० वॉटचा नवा पंखा असेल तर अर्ध्या युनिटांत भागतें. तेव्हां मुलाचा दिवा निर्दोष ठरतो, आणि आजीबाईंचा वारा बंद करण्याचेंहि कारण उरत नाहीं; बदलावयाचा तो पंखा.

रात्रीं सर्व दिवे-पंखे बंद करून, फ्रिजचें यंत्र थांबलेलें असतांना, पुन्हां आंकडा पाहावा. तो शून्य नसतो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर इत्यादि मंडळी जागींच असतात. अशी ३० वॉटची गळती अखंड चालली तर महिन्याला सुमारें २२ युनिटें होतात. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांपुढें दर चढत जातो. त्या उंबरठ्यावर असलेल्या घराला हीं युनिटें महाग पडतात.

ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनीं २००६ सालीं अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हां आंकडा प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असल्यास बहुधा ५ ते १५ टक्के बचत होते, असें त्यांना आढळलें. परंतु २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या, नेदरलंड्समधील एका अभ्यासांत चार महिन्यांनंतरची ७.८ टक्क्यांची बचत पुढें टिकली नाहीं. नवलाई ओसरली कीं पडद्याकडे कोण पाहतो? म्हणून यंत्र हातीं आहे तोंवरच जुना पंखा बदलावा, गीझरची वेळ ठरवावी, रात्रींच्या गळतीला एक बटण लावावें. वीज वांचवितें तें यंत्र नव्हे. त्यानें दाखविलेल्या गोष्टींवरून घरानें लावून घेतलेली संवय वांचविते.