हाताचा तास

 

आज कर्जाचा, हप्त्याचा विषय नाही. आज शाळेचा विषय आहे. आपल्या लेकराच्या शाळेतलं वेळापत्रक कधी नीट वाचलंय का? आठवीपर्यंतच्या वर्गात त्यात एक शब्द असतो, कार्यानुभव. म्हणजे हातानं काम करून शिकायचा तास. आता लेकराला विचारा, त्या तासाला काय करता? कुणी म्हणेल, गणिताचा धडा मागं राहिला होता, तो घेतला. कुणी म्हणेल, मैदान झाडलं. कुणी म्हणेल, पुठ्ठ्याचं घर करून आणायचं होतं, ते पप्पांनी दुकानातून आणलं.

हा तास नीट झाला तर त्यात तीन गोष्टी येतात. एक, वस्तू कशी असावी याचा विचार, म्हणजे डिझाइन. दोन, ती करायची आणि दुरुस्त करायची अक्कल, म्हणजे तंत्रज्ञान. तीन, अन्न. आपल्याला वाटतं, अन्नाचं काय शिकवायचं, पोरगी घरी शिकतेच की! पण घरी ती करायला शिकते. असं का करायचं आणि त्याला खर्च किती येतो, हे शाळेनं शिकवायचं असतं.

शेंगदाण्याच्या चिक्कीचं उदाहरण घ्या. अर्धा किलो शेंगदाणे, समजा 65 रुपये. अर्धा किलो गूळ, 25 रुपये. गॅस 8, पिशवी आणि लेबल 7. झाले 105 रुपये. आपण म्हणतो, किलोभर चिक्की झाली, 100 ग्रॅमला साडेदहा रुपये पडले, 15 ला विकू, साडेचार सुटले. आता हाच हिशेब आठवीच्या वर्गात वजनकाटा ठेवून करा. दाणे भाजले, टरफल पाखडलं, वजन घटलं. गूळ आटला, थोडा कढईला चिकटला. काट्यावर किलो भरत नाही, धरा 900 ग्रॅम भरतं. आणि तासभर जी बाई चुलीपुढं उभी राहिली, तिची मजुरी? ती 40 रुपये धरली तर खर्च झाला 145. भागिले नऊ. 100 ग्रॅमला 16 रुपये पडले. म्हणजे 15 ला विकून आपण पाकिटामागं रुपयाच्या वर घरचाच घालतो.

मी गटांच्या वह्या बघते. साहित्याचा खर्च पैशापैशानं लिहिलेला असतो, मजुरीच्या रकान्यात काहीच नसतं. आपली मेहनत आपणच शून्य धरतो, कारण ती मोजायला कुणी शिकवलंच नाही. तेराव्या वर्षी ज्या पोरीनं काट्यावर घट मोजली आणि स्वतःच्या तासाची किंमत वहीत लिहिली, ती पुढं कुणाला फुकट राबवून घेऊ देणार नाही. आणि ज्या पोरानं ती मोजली, तो उद्या घरी बायकोला म्हणणार नाही, “तू दिवसभर करतेस तरी काय?”

आता डिझाइनचं. डिझाइन म्हणजे नक्षी नव्हे. कोण वापरणार, कुठं ठेवणार, किती खर्च करणार, आणि मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हे आधी ठरवून वस्तू करणं म्हणजे डिझाइन. आपल्याकडं ऊन भरपूर. मग मुलांना सांगा, शेवग्याचा पाला आणि टोमॅटोच्या चकत्या वाळवायची पेटी तयार करा. लाकडी पेटी, आत काळा रंग दिलेला पत्रा, वर काच किंवा जाड प्लास्टिक, खाली हवा आत यायला भोकं, वर बाहेर जायला भोकं. काळा रंग उष्णता धरतो, गरम हवा वर चढते आणि ओल घेऊन बाहेर पडते. वरची भोकं बंद केली तर काय होतं? काचेला आतून पाणी सुटतं आणि चकत्यांना बुरशी लागते. एकदा बुरशी बघितली की विज्ञानाच्या पुस्तकातला धडा पाठ करावा लागत नाही. मग कुणी पोरगी म्हणते, पाल्याचा हिरवा रंग उडाला. बरोबर आहे. कडक उन्हात पाल्यातलं जीवनसत्त्वही घटतं, म्हणून पाला सावलीत वाळवायचा. मग पाल्यासाठी पेटी बदला. मुलं ती बदलतात, पुन्हा लावून बघतात. हेच शिक्षण.

कुणी म्हणेल, ताई, हे बोलायला सोपं आहे, आपल्या खेड्यात कोण करणार? म्हणून एका गावाचं सांगते. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं दुष्काळी पट्ट्यातलं गाव आहे. तिथं 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हे गृहस्थ अन्नतंत्रज्ञानातले डॉक्टरेट, अमेरिकेत शिकलेले. आधी म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत आणि मग एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात त्यांनी काम केलं. ते सोडून पत्नीसह पाबळला राहायला आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस हातानं काम करता करता जितका शिकतो, तितका नुसता बसून शिकत नाही. शाळेतली मुलं नापास होतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, शिकवायची रीत त्यांच्या जगण्यापासून तुटलेली असते म्हणून.

त्यांनी आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय बसवला. आठवड्यातला एक दिवस फक्त कामाचा. त्यात चार भाग. पहिला अभियांत्रिकी, म्हणजे लोखंडकाम, सुतारकाम, बांधकाम. दुसरा ऊर्जा आणि पर्यावरण, त्यात वीजजोडणी, मोटार, सूर्यचूल. तिसरा शेती आणि पशुपालन. चौथा गृह आणि आरोग्य, त्यात अन्नपदार्थ, आहार, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. 1987 साली राज्य सरकारनं दहावीसाठी हा विषय मान्य केला आणि पुढं तो अनेक शाळांत गेला.

त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, मुलं खोटं खोटं काम करत नाहीत. गावाला खरंच लागतं ते काम करतात. माती तपासून देतात, वायर जोडून देतात, आणि त्याचा हिशेब ठेवतात. दुसरी, चारही भाग मुलामुलींनी मिळून करायचे. मुलगी डोळ्याला काच लावून वेल्डिंग करते आणि मुलगा पोळी लाटतो. हे काही जगावेगळं नाही. फिनलंड देशात सातवीत गृहशास्त्र मुलामुलींना सारखंच सक्तीचं आहे. इंग्लंडमध्येही 2014 पासून सरकारी अभ्यासक्रमात चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलामुलींना स्वयंपाक आणि पोषण शिकवायचं ठरलं. आपल्या वर्ध्यात तर महात्मा गांधींनी ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरवून हातकामातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, देशापुढं ठेवली होती.

आता आपल्या परभणीचं बोलू. आपण पिकवतो सोयाबीन. पोतंच्या पोतं आडतीला जातं आणि घरात मात्र बाई रक्त कमी म्हणून गोळ्या खाते. सोयाबीन कच्चं खायचं नसतं. वीसेक मिनिटं उकळून, वाळवून, नऊ वाटी गव्हात एक वाटी मिसळून दळलं तर पोळीतलं प्रथिन वाढतं. आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी आहे. तिच्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. जेवताना लिंबू पिळलं तर अंगाला लोह जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी लागतं. हे नववीच्या पोरा-पोरीला कळलं तर घरातलं ताट बदलतं. त्याच विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. आपल्या किती शाळांची सहल तिथं जाते?

आणि एक अवघड गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019 ते 21 मध्ये झाली. तिच्यात आपल्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर शंभर बायांमागं 48 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. जवळपास निम्म्या! पोरीला शाळेतून काढताना घरात एकच वाक्य बोललं जातं, “शिकून तरी काय करणार?” शाळेतला एक तास बालविवाह थांबवेल असं मी म्हणत नाही. त्याला गरिबी आहे, ऊसतोडीला जाणं आहे, पोरीच्या सुरक्षेची भीती आहे. पण ज्या पोरीनं घरातला बंद पडलेला मिक्सर सुरू केला, पिठाच्या गिरणीचं वीजबिल युनिटवर काढून दाखवलं, तिच्या बाबतीत ते वाक्य बोलताना बाप जरा थांबतो. शिक्षणाचा उपयोग त्याच्या डोळ्यापुढं फिरत असतो.

काही मैत्रिणी म्हणतात, आम्ही जन्मभर हातानंच राबलो. लेकरानं तरी खुर्चीवर बसावं. पुन्हा त्याला हातकाम कशाला? हा राग खरा आहे. आपल्याकडं पिढ्यानपिढ्या काही जातींना कामच दिलं आणि पुस्तक दिलं नाही. म्हणून मी दोन अटी सांगते. हा तास सगळ्या लेकरांना सारखा असला पाहिजे, हुशारांना गणित आणि बाकीच्यांना सुतारकाम असं चालणार नाही. आणि कामामागचं कारण, माप, हिशेब वहीत उतरला पाहिजे. वर्ग झाडणं, सरांना चहा आणणं, मुलींनी पाहुण्यांना ओवाळणं म्हणजे कार्यानुभव नव्हे. डॉक्टर व्हायचंय त्या पोरालाही फ्यूज आणि भाकरी आली पाहिजे.

मग आपण काय करायचं? आठवीपर्यंतच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या महिला. आपल्यातल्या किती जणी तिथं नुसत्या सहीपुरत्या आहेत? पुढच्या बैठकीत विचारा, कार्यानुभवाचा तास कोण घेतं, आणि या महिन्यात मुलांनी काय केलं? वही बघायला मागा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय, गावातल्या कारागिरांकडून शिकायला सांगितलं आहे. ते दहा दिवस मुख्याध्यापकांना आठवण करून द्या. नववी-दहावीसाठी काही शाळांत मल्टी स्किलसारखे व्यवसाय शिक्षणाचे विषय आहेत. आपल्या जवळच्या हायस्कूलमध्ये आहे का, ते विचारा.

आणि नुसतं मागू नका, द्यायलाही जा. शाळा म्हणेल, शिकवायला माणूस नाही. माणूस आपल्या गटात बसलाय. पापडाचं पीठ किती घट्ट मळायचं, लोणच्यात मीठ कमी पडलं तर काय होतं, शिलाई मशीनचा दोरा का तुटतो, हे ज्या बाईला ठाऊक आहे ती शिक्षिकाच आहे. तिला अंगठ्याऐवजी सही येते की नाही, याचा इथं संबंध नाही. का होतं ते विज्ञानाचे सर सांगतील, कसं करायचं ते मावशी दाखवील. दोघं मिळून एक तास पुरा होईल. सुरक्षेचं मात्र आधी ठरवा. चुलीजवळ पाणी आणि वाळू ठेवायची, विजेचं काम बटण बंद करून, मोठं माणूस समोर असतानाच करायचं.

यंदाच्या मासिक बैठकीत हप्ते झाल्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. ठरावाच्या वहीत तीन ओळी लिहा: आपल्या गटातून शाळेत कोण जाणार, काय शिकवणार, आणि कोणत्या महिन्यात. साहित्याचा खर्च लिहा. त्याच्याखाली मजुरीचा रकाना ओढा, आणि या वेळी तो रिकामा ठेवू नका. गावासाठी तास फुकट द्यायचा ठरला तरी त्याची किंमत आधी लिहा, मग पुढं ‘गटाकडून शाळेला भेट’ असं लिहा. मुलांना ती वही दाखवा.