माप बदलतं, अंग आपलंच राहतं



आपल्या नगर जिल्ह्यात रिश्ता बघायला गेल्यावर 'मुलगी जरा जाड आहे' असं किती सहज बोललं जातं! मुलांनाही पोटावरून चिडवतात. मग कुणी शस्त्रक्रियेचा विचार करतं.

इलाज वेगळा. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, असं हदीसमध्ये आहे. भाजलेल्या, अपघातात जखमी झालेल्या माणसाचं रूप सावरणं हाही इलाजच.

पण फॅशनचं माप टिकत नाही. मधल्या काळात भरदार नितंबांची हवा होती. पोटाची चरबी काढून तिथे भरत. ती मोठ्या शिरेत शिरली तर फुप्फुसात अडकून जीव जातो. 2018 साली प्लास्टिक सर्जनांच्या संघटनांनीच इशारा दिला : दर 3000 शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू, असा अंदाज. आता पुन्हा बारीक अंगाची हवा आहे. भरलेली चरबी काही जणी काढून घेत आहेत.

उद्या माप पुन्हा बदलेल. म्हणून पुढच्या रिश्त्याच्या बैठकीत कुणी अंगावर बोललं, तर गप्प बसू नका. अदबीनं, पण तिथंच थांबवा.