जागल्याची हांक आणि भोपाळची रात्र

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



पुष्कळ लोक मला विचारतात, "मास्तर, चार पानांच्या साप्ताहिकानें काय होतें? कारखानदारापाशीं पैसा, वकील, मंत्री, सारें कांहीं. वर्तमानपत्रवाल्यापाशीं शाईची दौत." प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून आज एक खरी हकीकत सांगतों. तींत साप्ताहिकवाला खरा ठरला, पण शहर वांचलें नाहीं. म्हणूनच ती सांगावयाची.

भोपाळ शहरांत युनियन कार्बाइड ह्या अमेरिकन कंपनीचा कारखाना होता. तेथें सेव्हिन नांवाचें कीडनाशक तयार होई. म्हणजे माल आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठींच. तें करण्यास मिथिल आयसोसायनेट नांवाचें जहाल द्रव्य लागे. तें मोठमोठ्या टाक्यांत भरून ठेवीत, आणि कारखान्याच्या आसपास गरिबांच्या झोपड्यांची दाट वस्ती.

१९८१ च्या डिसेंबरांत तेथें फॉसजीन नांवाचा विषारी वायु अंगावर येऊन एक कामगार मेला. तो राजकुमार केसवानी ह्या पत्रकाराच्या ओळखीचा होता. केसवानी 'रपट' नांवाचें लहानसें हिंदी साप्ताहिक चालवीत. दुसरा कोणी हळहळून गप्प बसला असता. ह्यांनीं कामगारांना गांठलें, आंतली व्यवस्था विचारली, रसायनशास्त्राचीं पुस्तकें उघडून पाहिलीं. तेव्हां त्यांना कळलें कीं हे वायु हवेहून जड आहेत. सुटले तर चुलीच्या धुरासारखे वर न जातां जमिनीलगत पसरतात. म्हणजे झोपडींत भुईवर निजलेल्याच्या नाकाशींच येतात. कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनीं मे १९८२ मध्यें कारखाना तपासून उणिवा लिहून ठेवल्या होत्या. तो अहवालही केसवानींनीं मिळविला. एवढें हातीं आल्यावर मग सप्टेंबर १९८२ पासून त्यांनीं लेखणी चालविली. आधीं शहर वांचवा अशी विनवणी केली, पुढें भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलें आहे असें स्पष्ट छापलें.

उत्तर काय मिळालें? त्याच वर्षीं राज्याच्या मजूरमंत्र्यांनीं विधानसभेंत सांगितलें कीं कोट्यवधि रुपयांचा कारखाना हा कांहीं दगड नव्हे, कीं उचलला आणि दुसरीकडे ठेवला. आणि धोका तर नाहींच. कारखाना हलत नाहीं म्हणून माणसांनीं मरावें, हा कोठला न्याय?

जून १९८४ मध्यें केसवानींनीं 'जनसत्ता' ह्या दैनिकांत पुन्हां इशारा दिला. त्याच सुमारास टाकी थंड ठेवणारें यंत्र कंपनीनें खर्च वांचविण्यासाठीं बंद केलें. सुटलेला वायु जाळणारा मनोरा तर पुढें दुरुस्तीसाठीं मोडून ठेवलेला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं टाकींत पाणी शिरलें. कळीच्या चुन्यावर पाणी पडलें म्हणजे तो कसा खदखदतो, हें येथें बसलेल्या गवंड्यांना ठाऊक आहे; तसेंच, पण शतपट भयंकर झालें. सुमारें ४० टन विष शहरावर पसरलें. जमिनीलगतच पसरलें. मध्य प्रदेश सरकारनें मानलेला मृतांचा आंकडा ३,७८७. इतरांचे आंकडे याहून पुष्कळ मोठे आहेत. साडेपांच लाखांहून अधिक लोकांना बाधा झाल्याचें सरकारनेंच पुढें कबूल केलें.

१९८९ सालीं ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. बहुतेक बाधितांच्या हातीं पहिल्यानें २५,००० रुपये पडले. एवढ्यांत फुप्फुसें परत येतात काय? २०१० सालीं सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली व लगोलग जामीनही मिळाला. कंपनीचा अमेरिकन मुख्य वॉरन अँडरसन २०१४ सालीं वारला, तो खटल्यास एकदांही उभा न राहतां. एका बैलचोराला ह्याहून अधिक जाच होतो.

तर मग लेखणी वायां गेली काय? मला तसें वाटत नाहीं. ती लेखणी होती म्हणूनच "आम्हांला ठाऊक नव्हतें" असें म्हणावयास कोणाला जागा उरली नाहीं. वर्तमानपत्रवाला हा जागल्या. तो हांक देतो. कंदील घेऊन दार उघडावयाचें तें घरच्यांनीं. आणि त्या जागल्याला चोराची चाहूल कोणी दिली? आंत राबणाऱ्या कामगारांनीं.

आपलींही पोरें कारखान्यांत पाळीवर जातात. ओढ्याच्या पाण्याचा रंग कोणत्या दिवशीं पालटला, कोणत्या पाळींत वास सुटला, फवारणी करतांना कोणाला चक्कर आली व डब्यावर कोणतें नांव होतें, हें तारखेसह लिहून ठेवा. डबा फेकूं नका, त्यावरची चिठी फाडूं नका. ऐकीव गोष्ट मात्र आणूं नका. एक खोटी निघाली कीं दहा खऱ्या बुडतात. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं माझ्याकडे यावें. शनिवारीं शाळा सकाळची असते, दुपारीं मी मोकळा असतों. सांगणाऱ्याचें नांव छापावयाचें नाहीं, हें मीं संपादकांकडून आधींच कबूल करून घेतलें आहे.