सॅकमधला शॉर्टवेव्ह रेडिओ

फेल्त्सरवाल्डच्या जंगलात चालायचे दिवस आले की हमखास विचारणा होते, सोबत न्यायला छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ कोणता घ्यावा?

मराठी ऐकायला म्हणून घेत असाल, तर मुळीच घेऊ नका. अस्मिता वाहिनी फोनवरच्या ॲपमध्ये स्वच्छ लागते. शॉर्टवेव्हची गंमत निराळी. संध्याकाळी ४९ मीटर बँड फिरवा, रोमानिया, चीन सापडतील. बव्हेरियातल्या रोरबाखचं चॅनल २९२ तर ६०७० किलोहर्ट्झवर, अगदी घरगुती मामला आहे.

पण निवडताना आधी एफएम तपासा. जुलै २०२१मध्ये आपल्याच राज्यात, आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, १३०हून अधिक माणसं गेली. कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले. घरात सेलवर किंवा हँडल फिरवून चालणारा रेडिओ ठेवा, असं इथलं नागरी संरक्षण खातं सांगतं ते याचसाठी. अशा वेळी इथल्या बातम्या एसडब्ल्यूआरच्या एफएमवर मिळतात, शॉर्टवेव्हवर नाही. मीडियम वेव्हवर विसंबू नका. डॉइचलांडफुंकने ती २०१५ अखेर बंद केली.

मग सेल. टेकसन पीएल-३३० खिशात मावतो, हॅमवाल्यांचं बोलणंही पकडतो, पण त्याला जुन्या नोकियाची बीएल-५सी बॅटरी लागते. ती रानात संपली की संपली. माझं मत पेन्सिल सेलवाल्याला. ते कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतात.

एक्सएचडेटा डी-८०८ वर विमानांचा बँडही आहे. रामश्टाइन शेजारीच, त्यामुळे मोह होणारच. पण जर्मनीत वैमानिकांचं किंवा पोलिसांचं बोलणं ऐकणं कायद्याने मना आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

आणि घरात नुसती खरखर आली म्हणून लगेच परत करू नका. चार्जर, एलईडी दिवे, राउटर, सगळे शॉर्टवेव्हमध्ये गोंगाट घालतात. वस्तीपासून लांब जा, पाच-सात मीटर वायर फांदीवर टाका, दुसरं टोक एरियलला चिमट्याने जोडा. तोच रेडिओ बोलू लागतो. वीज कडकडत असेल तर मात्र वायर लगेच काढा.

निघताना की-लॉक लावा, नाहीतर सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन मुक्कामाला पोचेपर्यंत सेल संपलेले असतात. टॉर्चही त्याच मापाच्या सेलचा घ्या.