माझं काय चुकलं?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात मी स्वयंसेविका म्हणून जाते. एकदा एका आईनं हळूच विचारलं, "ताई, हा पोटात असताना ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यानं तर झालं नसेल?" मांडीवर पाच वर्षांचा मुलगा झोपला होता. सलाईनची नळी ओढली जाऊ नये म्हणून तिनं त्याचा हात धरून ठेवला होता. उपचार सुरू होऊन सात महिने झाले होते. एवढ्या दिवसांत हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कर्करोग. त्यातल्या बहुतेकांचं नेमकं कारण सापडत नाही. पेशीतल्या जनुकांत बिघाड होतो, एवढं कळतं. ग्रहणाचा, नजरेचा, आईच्या हातून झालेल्या कुठल्या चुकीचा त्याच्याशी संबंध नाही. हे डॉक्टरांनी कुणी विचारायची वाट न पाहता सांगायला हवं, आणि पुन्हापुन्हा सांगायला हवं. पहिल्या दिवशी 'कॅन्सर' या शब्दापुढचं आईबापांच्या कानात शिरतच नाही.

लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. बाप कामासाठी गावी परततो, धाकटं भावंड आजीकडे राहतं आणि आई परक्या शहरात रात्री-अपरात्री थर्मामीटर लावत बसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट उतरलेले असताना ताप आला, तर तडक रुग्णालय गाठावं लागतं. अशी झोप किती दिवस पुरणार?

मुंबईत परळचं टाटा कर्करोग रुग्णालय 1941 सालचं. तिथे देशभरातून माणसं येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांना आसरा देते. 2006 पासून सेंट ज्यूड संस्था अशा मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. तिथलं स्वयंपाकघर सामाईक असतं. शेजारच्या शेगडीवर पोळ्या भाजणारी बाई सहज म्हणते, "माझ्या पोरीचेही केस गेले होते, आता वेणी घालते." समुपदेशक हवाच, पण हा धीर त्या वाटेनं गेलेलंच माणूस देऊ शकतं.

आपण काय करावं? "खंबीर राहा" म्हणू नये, रडू द्यावं. कुठला काढा सुचवू नये. "काही लागलं तर सांगा" असं म्हटलं, तर कुणी सांगत नाही. त्यापेक्षा "गुरुवारचा डबा माझा", "धाकटीला शाळेतून मी आणते" असं ठरवूनच टाकावं. आणि बापाला पैशांची जुळवाजुळव विचारतो, तशी त्याची झोपही विचारावी.

त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या स्टूल ओढून आईसमोर बसल्या आणि सगळं समजावलं. आईनं दोनदा विचारलं, "नक्की ना?" मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, यांना फोन लावून द्या. तेही असंच काहीतरी मनात धरून बसले असतील."