नोंद कोणाची आणि कोणासाठी?

(वैराग येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्यात गुन्ह्यांच्या नोंदींविषयी बोलावयाचे, तर प्रारंभ येरवड्यापासून करावा लागतो. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघा सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सरकारी दप्तरात ते पोलिसांच्या खुनाच्या खटल्यातील गुन्हेगार होते. सोलापूरच्या जनतेने त्यांना हुतात्मे मानले आणि भर शहरात त्यांचे पुतळे उभे केले. दप्तरातील नोंद ही एका सत्तेने एका विशिष्ट दिवशी केलेली नोंद असते; तिला अंतिम सत्य मानण्याचे कारण नाही, हा या मातीचा पहिला धडा आहे.

दुसरा धडा याच्या उलट बाजूचा आहे. निवडणूक जवळ आली की वैरागच्या बाजारात, चहाच्या हॉटेलात आणि देवळाच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते: "त्याच्यावर केसेस आहेत." केसेस कोणत्या, किती, कोणत्या ठाण्यात, कोणत्या कलमांखाली, निकाल काय लागला, हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते आणि ऐकणारा विचारीत नाही. धनदांडग्याचा दरारा या कुजबुजीवर वाढतो आणि निरपराध माणसाची बदनामीही तिच्यावरच पोसली जाते. खरी नोंद लोकांच्या हाती नसेल, तर तिची जागा अफवा घेते. म्हणून नोंद पाहावी कशी आणि वाचावी कशी, हे कार्यकर्त्याला आले पाहिजे.

जन्माने गुन्हेगार

या देशात राज्यसंस्थेने गुन्हेगारीच्या नोंदी ठेवल्या, त्या प्रामुख्याने दुर्बळांच्या ठेवल्या. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून अधिसूचित करावी आणि तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढवावीत, अशी ही व्यवस्था होती. १९११ मध्ये हा कायदा नव्याने करण्यात आला व मुंबई इलाख्यातही लागू झाला. १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींच्या कपाळी हा शिक्का बसला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. हजेरी द्यावी, परवान्यावाचून बाहेर जाऊ नये आणि गिरणीत राबावे, असा तेथला क्रम होता. शहराच्या भरभराटलेल्या गिरण्यांना स्वस्त मजूर हवे होते आणि कायद्याने ते कुंपणाआड तयार ठेवले होते. 'सेटलमेंट' हे नाव सोलापुरातील त्या भागाला आजही चिकटलेले आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. परंतु मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. जमातीच्या जागी व्यक्ती आली. पोलिसांची नजर मात्र त्याच पालांवर राहिली. गावात चोरी झाली की पहिली चौकशी पारध्याच्या पालावर, हा अनुभव सोलापूर, उस्मानाबाद आणि बीड या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना नवा नाही. (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव झाले आहे, पालाचे नशीब तेच आहे.)

गुन्ह्यांच्या नोंदी जनतेला खुल्या असाव्यात, ही मागणी या इतिहासाला विसरून करता येणार नाही. सत्ता मागणाऱ्याची नोंद उघडी असावी आणि सत्तेच्या टाचेखाली असणाऱ्याची नोंद त्याच्याविरुद्ध हत्यार होऊ नये, या दोन्ही मागण्या एकाच न्यायबुद्धीच्या आहेत.

उघडी असलेली दारे

आज सामान्य नागरिकाला चार दारे उघडी आहेत.

पहिले दार पोलीस ठाण्याचे. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की तिची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळालीच पाहिजे. पूर्वी हा हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला, की प्रत्येक प्रथम खबरी अहवाल नोंदल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवला जावा. दुर्गम भागात ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद यांसारख्या संवेदनशील गुन्ह्यांचे अहवाल यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून हे अहवाल पाहता येतात. येथे एक साधी चूक वारंवार होते. सोलापूर शहराचे पोलीस आयुक्तालय वेगळे आहे. वैराग ठाणे सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे आहे. शिवाय बार्शी तालुक्यात बार्शी शहर, बार्शी तालुका, वैराग आणि पांगरी अशी निरनिराळी ठाणी आहेत. घटना ज्या ठाण्याच्या हद्दीत घडली, तेथेच नोंद सापडेल.

दुसरे दार न्यायालयाचे. आपल्याकडे फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो. कायद्याने किंवा न्यायाधीशाने मनाई केली नसेल तर कोणीही नागरिक मागच्या बाकावर जाऊन बसू शकतो. पुष्कळ कार्यकर्ते बार्शीच्या न्यायालयासमोरून शंभरदा जातात, पण आत जाऊन खटला ऐकत नाहीत. ई-न्यायालयांच्या संकेतस्थळावर सोलापूर जिल्हा व बार्शी न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक व वर्ष यांवरून खटल्याची स्थिती, पुढील तारीख आणि झालेले आदेश पाहता येतात. नावाने शोध घेणे धोक्याचे असते, कारण एका आडनावाची आणि एकाच नावाची माणसे तालुक्यात दहा निघतात. गुन्हा क्रमांक हाती असेल तर घोटाळा होत नाही. निकालाची प्रमाणित प्रत खटल्याबाहेरच्या माणसालाही मागता येते. मात्र ती का हवी हे न्यायालयाला पटवावे लागते. अशी प्रत न्यायालयाच्या नियमांप्रमाणे मागावी, माहिती अधिकारात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तसेच आरोपपत्रे संकेतस्थळावर टाकण्याची मागणी २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेत फेटाळली गेली.

तिसरे दार निवडणुकीचे, आणि कार्यकर्त्याच्या दृष्टीने हेच सर्वांत मोठे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, असा निर्णय दिला. राजकीय पक्षांनी कायदा करून हा हक्क आखडण्याचा प्रयत्न केला, तो १३ मार्च २००३ च्या निकालाने हाणून पाडला. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मधील शपथपत्रात प्रलंबित खटल्यांचे गुन्हा क्रमांक, ठाणे, न्यायालय व कलमे आणि झालेल्या शिक्षा लिहाव्या लागतात. बार्शी मतदारसंघातील प्रत्येक उमेदवाराचे असे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकांतही राज्य निवडणूक आयोग शपथपत्र घेतो. १३ फेब्रुवारी २०२० च्या आदेशाने पक्षांवरही बंधन आले: गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला, स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावयाची आणि "तो निवडून येऊ शकतो" हे एवढेच कारण चालावयाचे नाही. हे बंधन आपल्या पक्षालाही आहे, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

चौथे दार माहितीच्या अधिकाराचे. या अधिकारासाठी महाराष्ट्रात मोठे आंदोलन झाले. राज्याचा कायदा २००२ मध्ये आला आणि केंद्राचा २००५ मध्ये. दहा रुपयांच्या शुल्काने, दारिद्र्यरेषेखालील नागरिकाला विनाशुल्क, अर्ज करता येतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जाची कला प्रश्नात आहे. "अमुक इसम गुन्हेगार आहे काय?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "अमुक गुन्हा क्रमांकात आरोपपत्र कोणत्या तारखेस दाखल झाले? झाले नसल्यास तपास कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे?" या प्रश्नाला मिळते. वैराग ठाण्यात गेल्या पाच वर्षांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली किती गुन्हे नोंदले गेले, किती प्रकरणांत आरोपपत्र गेले, किती निर्दोष सुटले, हा प्रश्न एकट्या इसमाविषयीच्या शंभर प्रश्नांहून अधिक मोलाचा आहे. त्यात व्यवस्थेची नोंद उघडी होते.

मात्र हे चौथे दार हळूहळू लोटले जात आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८ (१) (ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच नाकारता येत असे. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढे म्हणणे अधिकाऱ्याला पुरेसे वाटू शकते. कलम ८ (२) अद्याप शाबूत आहे: जनहित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते. प्रत्येक अर्जात आणि अपिलात या कलमाचा आधार घेऊन जनहित कोणते ते लिहिले पाहिजे.

नोंद वाचावी कशी

दार उघडले तरी वाचता आले पाहिजे. गुन्हा दाखल होणे ही कोणीतरी केलेली तक्रार आहे. आरोपपत्र हे पोलिसांचे मत आहे. आरोप निश्चित होणे म्हणजे खटला चालविण्याजोगे काही आहे, असे न्यायालयास वाटणे. दोषसिद्धी हाच न्यायालयाचा निर्णय, आणि त्यावरही अपील असते. या चार पायऱ्यांचे चार अर्थ आहेत. पहिल्या पायरीवरच्या माणसाला चौथ्या पायरीवर उभे करून सभेत गर्जणारा कार्यकर्ता, पारध्याच्या पालावर पहाटे धाड घालणाऱ्या हवालदाराहून निराळे काही करीत नाही.

यात कार्यकर्त्यांचा स्वतःचाही प्रश्न आहे. रस्ता रोको, मोर्चा, जमावबंदीचा भंग यांचे गुन्हे पुष्कळांवर आहेत आणि तेही शपथपत्रात लिहावे लागतात. ते लपवू नयेत. उलट कोणत्या प्रश्नासाठी ते ओढवून घेतले, हे मतदाराला सांगावे. खंडणीचा गुन्हा आणि पाण्यासाठी केलेल्या रस्ता रोकोचा गुन्हा शेजारी ठेवून वाचण्याइतका मतदार शहाणा आहे. म्हणूनच संख्येवर जाऊ नये, कलमांवर जावे.

बंद राहावी अशी दारे

काही दारे बंद आहेत आणि ती बंदच राहिली पाहिजेत. अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख गुप्त ठेवावयाची असते. सर्वांत महत्त्वाची ती पोलिसांची संशयितांची दप्तरे. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशी दप्तरे हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जाहीर व्हावयाचा नाही. आणि विमुक्त व मागास समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ जातीच्या पूर्वग्रहाने त्यात चढविली जातात, याची दखल घेऊन सर्व राज्यांना आपले नियम तपासण्यास सांगितले. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. १८७१ मध्ये उघडलेली वही मिटावयास न्यायालयाला दीडशेहून अधिक वर्षांनी असा आदेश द्यावा लागला.

ही दप्तरे जनतेसाठी गुप्त असावीत, पण ज्याचे नाव त्यात आहे त्याला ते कळावे आणि खोडून घेता यावे, यासाठी लढले पाहिजे. वैरागच्या आसपास ज्या पालांवर अशी भीती आहे, तेथे जाऊन अर्ज लिहून देणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. ते काम केल्यावाचून उमेदवारांच्या शपथपत्रांवर बोलण्याचा नैतिक अधिकार त्याला येणार नाही.

म्हणून कार्यक्रम छोटा ठेवावा. प्रत्येक शाखेतील दोन तरुणांनी या चारही दारांचा उपयोग शिकून घ्यावा. निवडणूक येईल तेव्हा सर्व उमेदवारांची, आपल्याही, शपथपत्रे मराठीत, कलमांचा अर्थ आणि खटल्याची पायरी देऊन, चावडीजवळ लावावीत. त्यांवर विशेषणे लिहू नयेत. आणि महिन्यातून एक दिवस बार्शीच्या न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसावे. ज्या खटल्यात आरोपीला वकील नाही आणि त्याच्या बाजूने कोणी आलेले नाही, तेथे आधी बसावे.