दोन जामीनदार
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण, थोडे आवरून)



गेल्या महिन्यात लिफ्टपाशी मला तिघांनी वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "दाताचा ब्रिज करून घेऊ का?" मी डॉक्टर नाही. पण माझ्या तोंडात एक ब्रिज बसला, चालला आणि बुडाला. तेवढ्या अनुभवावर बोलतो.

खालची डावीकडची दाढ काढली, तेव्हा मी साठीला आलो होतो. एक गेली तर काय बिघडलं, बाकीच्या आहेत की, म्हणून चार वर्षं तशीच काढली. तिथेच पहिली चूक. मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेकडे कलली. वरच्या दाढेला खालून टेका नाही, ती खाली उतरू लागली. मी एकाच बाजूने चावायला लागलो आणि भाकरी दुधात कुस्करून खायला लागलो. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याची आवड बदलली.

मग ब्रिज केला. ब्रिज म्हणजे काय, ते बँकेच्या भाषेत सांगतो. पडलेला दात हा कर्जदार. त्याला मूळच नाही, म्हणजे भांडवल शून्य. शेजारचे दोन दात त्याचे जामीनदार. दोघांना चहूबाजूंनी घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपना जोडलेला असतो. तिन्ही मिळून एकच तुकडा. चावण्याचा सगळा भार जामीनदारांवर. म्हणून डॉक्टर आधी एक्स-रे काढून त्यांची मुळं आणि हाड बघतात, आपण सॅलरी स्लिप बघायचो तसं. बिलही तीन युनिटचं येतं, दात एकच गेला असला तरी!

काम तसं सोपं. इंजेक्शन, घासणं, माप, तात्पुरती कॅप. लॅबमधून ब्रिज आला की निळा कागद चावायला देऊन उंच भाग घासतात आणि सिमेंटने पक्का करतात. मला धातूवर सिरॅमिक चढवलेला बसवला. हल्ली झिर्कोनियाचेही करतात. पहिल्या रविवारी मी कडक भाकरी खाल्ली, त्याचं सुख सांगता येत नाही.

सहा वर्षं मजेत गेली. पण खोट्या दाताच्या खाली, हिरडीपाशी अन्न अडकतं. तीन दात जोडलेले, त्यामुळे वरून दोरा आत जात नाही. मी आपला वरवर ब्रश फिरवायचो. खालून साफ करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. परवा ड्रॉवर आवरताना दवाखान्याचा कागद सापडला. त्यात लिहिलं होतं. वाचला नव्हता मी.

पुढच्या जामीनदाराचं आधीच रूट कॅनाल झालेलं, म्हणजे दुखून कळायची सोय नाही. कॅपच्या कडेने कीड आत गेली. थोडा वास यायचा, ब्रिज किंचित हलायचा, मी दुर्लक्ष केलं. शेवटी ब्रिज काढला तेव्हा आतला दात हिरडीपर्यंत कुजलेला. तो काढावा लागला. कर्जदारापायी जामीनदार गेला. एकाच्या जागी दोन दात कमी झाले.

आता लांब ब्रिज करायचा तर आणखी एक धडधाकट दात घासायचा. मी नको म्हटलं. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, शेजाऱ्यांना धक्का नाही. पण हाड धरायला काही महिने लागतात आणि माझी शुगर तेव्हा ताब्यात नव्हती. काढती-घालती कवळी घेतली. भागतं, पण ब्रिजची सर नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर, शेजारच्या दातांवर आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल, तर ब्रिज खुशाल करा. दोन्ही दात निरोगी असतील, तर घासण्याआधी इम्प्लांटचं जरूर विचारा, कारण घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. आणि काहीच न करता चार वर्षं घालवू नका.

ज्यांचा ब्रिज झालाय, त्यांच्यासाठी दोरा खालून ओवायची प्लास्टिकची सुई आणि बारीक ब्रश आणलाय. केमिस्टकडे मिळतात. चहा झाला की मागच्या बाकावर बसतो, कसं ओवायचं ते दाखवतो. चष्मा घेऊन या.